धागा: चर्चच्या युवा शिबिरासाठी मोठ्या फुगवायच्या चेंडूंचे खेळ सुचवा

वसईचा वारा
नमस्कार मंडळी. मे महिन्यात आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतल्या युवा संघाचं निवासी शिबिर आहे. आठवीपासून कॉलेजपर्यंतची पन्नास-पंचावन्न मुलंमुली. सकाळी मिस्सा (चर्चमधली उपासना), मग सत्रं, गाणी, आणि साडेचारनंतर चर्चमागचं मैदान. सत्रांचं फादर आणि सिस्टर बघतात. मैदान माझ्या गळ्यात पडलंय.

अडचण जुनीच आहे. नेट बांधलं की तीच दहा-बारा पोरं व्हॉलीबॉल खेळतात, मुली कठड्यावर बसतात आणि आठवी-नववीची बाहेर गेलेला बॉल आणून देतात. क्रिकेट काढलं तर याहून वाईट. आखातातून सुट्टीवर आलेल्या एका काकांनी संघाला दोन मोठे रबरी बॉल दिलेत, व्यायामाला वापरतात तसले, कमरेएवढे. त्यावरून डोक्यात आलं की यंदा फक्त फुगवायच्या चेंडूंचे खेळ ठेवू. मोठे, हलके, लागले तरी न दुखणारे.

अटी एवढ्याच: 'आऊट' होऊन कोणी बसता कामा नये, एका वेळी निदान तीस जण खेळात हवेत आणि खर्च बेताचा. सुचवा.

चिमणचारा
चौथी अट राहिली. फादरना बॉल लागला तर मिस्सेच्या वेळी नाव घ्यायचं नाही.

नगरी बाभूळ
आधी मैदान झाडा, मग खेळ ठरवा. आमच्याकडे नगरला सराटे, म्हणजे जमिनीवर पडलेली काटेरी बोंडं. दिसत नाहीत आणि पातळ रबराचा बॉल पाच मिनिटांत बसतो. तुमच्याकडे वाळू असेल, तरी सुरूच्या झाडाखालची बारकी बोंडं अणकुचीदार असतात. शिबिराच्या आदल्या दिवशी सगळ्यांना एका रांगेत उभं करून मैदान वेचून घ्या. तोही खेळच होतो.

दुसरं, मोठ्या बॉलला जुन्या चादरीची खोळ शिवा. रबर वाचतं आणि घामेजलेल्या हातातून बॉल सटकत नाही.

आणि चादरीवरून एक खेळ. आमच्या शाब्बाथ शाळेच्या (चर्चच्या रविवारच्या वर्गाच्या) पोरांना हाच सगळ्यात आवडतो. आठ-आठ जणांनी एकेक चादर चारी बाजूंनी धरायची. बॉल चादरीवर. एक-दोन-तीन म्हणत झोका देऊन नेटपलीकडे उडवायचा, पलीकडच्यांनी आपल्या चादरीत झेलायचा. हात लावायचा नाही. यात एकटा हिरो काहीच करू शकत नाही, कारण सात जण दुसरीकडे ओढत असतात. सोलापुरी चादर असेल तर उत्तम, तिला मरण नाही. नव्या डबल बेडशीटवर खेळलात तर घरी जायचं तुमचं तुम्ही बघा.

पीटीचे मास्तर
धागाकर्त्याचा प्रश्न जवळजवळ १३० वर्षं जुना आहे. आणि गंमत म्हणजे त्याचं उत्तर म्हणूनच व्हॉलीबॉल जन्माला आला.

डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या वाय.एम.सी.ए. (ख्रिस्ती तरुणांची संघटना) प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथने बास्केटबॉल काढला. नेस्मिथ धर्मशास्त्र शिकलेला माणूस. हिवाळ्यात बंद हॉलमध्ये दंगा करणाऱ्या तरुण विद्यार्थ्यांना गुंतवायचं होतं. पीचच्या टोपल्या टांगल्या आणि फुटबॉल हातात दिला. तरुणांना खेळ आवडला, पण तो फार धावपळीचा. तिथून जवळच होलिओक गावच्या वाय.एम.सी.ए.मध्ये विल्यम मॉर्गनकडे व्यायामाला वयस्क, व्यापारी मंडळी यायची. त्यांना ही धक्काबुक्की झेपेना. म्हणून त्याने १८९५ मध्ये मधे नेट बांधून नवा खेळ बसवला, त्याचं पहिलं नाव 'मिंटोनेट'. आधी बास्केटबॉलचं आतलं ब्लॅडर वापरून पाहिलं, ते फारच हलकं आणि संथ. अख्खा बास्केटबॉल जड. मग मधला चेंडू खास बनवून घेतला.

तुमच्या कामाचा भाग पुढे आहे. त्या मूळ नियमांत एका बाजूला किती खेळाडू असावेत याला बंधन नव्हतं. पलीकडे टोलवण्याआधी आपल्यात किती वेळा चेंडू उडवायचा यालाही नव्हतं. सहा खेळाडू आणि तीन स्पर्श हे सगळं नंतर आलं.

तेव्हा सरळ १८९५चा व्हॉलीबॉल खेळा. नेट साडेसहा फुटांवर (मॉर्गनचं तेवढंच होतं), एका बाजूला पंचवीस, दुसऱ्या बाजूला पंचवीस, चेंडू समुद्रकिनाऱ्यावर मिळतो तसला प्लास्टिकचा, रंगीत पट्ट्यांचा. त्याला स्मॅश मारून काही उपयोग नाही, हवेतच थांबतो. तुमच्या दहा-बारा पट्टीच्या खेळाडूंची तिथेच पंचाईत होईल. मी माझा एक नियम जोडतो: चेंडू पलीकडे जाण्याआधी निदान पाच वेगवेगळ्या हातांना लागला पाहिजे.

वसईचा वारा
मास्तर, दंडवत. हे नक्की घेतोय. पाच हातांचा नियमही.

मडगांवकर
गोव्यात चर्चच्या मैदानात फुटबॉल सोडून काही आणलंत तर पहिली तक्रार फादरच करतील.

हिवाळी काकू
मी मॉन्ट्रियलला असते. इथे क्युबेकमध्ये शाळेच्या जिममध्ये 'किन-बॉल' खेळतात. मारियो डेमर्स नावाच्या शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापकाने १९८६ मध्ये काढला. माझी दोन्ही मुलं खेळली, त्यामुळे नियम पाठ झालेत.

चेंडू १.२२ मीटर व्यासाचा, म्हणजे मोठ्या माणसाच्या छातीपर्यंत येणारा, पण वजन एक किलोच्या आसपास. मैदानात एकाच वेळी तीन संघ, प्रत्येकी चार जण. सर्व्हिस करणाऱ्या संघातले तिघं खाली बसून चेंडू हातांवर तोलून धरतात, चौथा मारतो. मारायच्या आधी मोठ्याने 'ओम्निकिन' म्हणून एका संघाचा रंग पुकारायचा. ज्याचा रंग पुकारला त्या संघाने चेंडू जमिनीला टेकण्याआधी अडवायचा. नाही जमलं तर बाकीच्या दोन्ही संघांना एकेक गुण.

मला यातली आवडलेली गोष्ट: मारताना चौघांचा हात चेंडूला लागलेला असावाच लागतो. चारातला एक जरी मागे रेंगाळला तरी सर्व्हिस चुकते. म्हणजे कोणाला वगळून खेळताच येत नाही. उंच मुलगा आहे म्हणून त्याच्याकडेच बॉल, असं होत नाही. आमची धाकटी अगदी बुजरी, पण ती मारणारी व्हायची, कारण कुठला संघ बेसावध आहे ते तिला बरोबर दिसायचं.

अस्सल चेंडू महाग असतो, तो घेऊ नका. तुमच्याकडचे व्यायामाचे बॉल लहान आणि थोडे जड आहेत, तरी चालतील. संघात चाराऐवजी सहा-सात जण घ्या.

चिमणचारा
'ओम्निकिन' कोण म्हणणार वसईत? 'हालेलूया गुलाबी!' ठेवा.

साधा विश्वासी
विनोद म्हणून ठीक, पण उपासनेतला शब्द खेळात ओरडायला नको. मुलांना सवय लागते आणि मग रविवारी चर्चमध्ये तो शब्द आला की खिदळतात. कृपया दुसरं काही सुचवा.

चिमणचारा
बरोबर आहे, मागे घेतो. गावांची नावं ठेवा मग. 'निर्मळ!', 'पापडी!', 'सांडोर!'

वसईचा वारा
गावांची नावं ठेवली तर खेळ राहील बाजूला, फुटबॉल स्पर्धेची जुनी उणीदुणी निघतील. माशांची नावं ठेवतो. बोंबील, पापलेट, हलवा.

हिवाळी काकू
पापलेट संघात कोण जाणार यावरून भांडण होईल बघा.

सुसाट
इतकं साधं साधं काय? आबाधुबी खेळा की! मऊ बॉल घ्या, चार-पाच सोडा मैदानात, हाणा एकमेकांना. बाद झाला की बाहेर, शेवटी उरेल तो जिंकला. आमच्या वेळी टेनिस बॉल ओला करून खेळायचो, पाठीवर वळ उठायचे. काय मजा यायची.

तिसऱ्या बाकावरची
सुसाट, मजा कोणाला यायची ते एकदा विचारून बघा. मी अशाच एका युवा संघात होते, आबाधुबीनंतर मैदानात जाणं सोडलं. मऊ बॉल असला तरी जवळून नेम धरून तोंडावर मारला की डोळ्यात पाणी येतं, आणि नेम नेहमी ठराविक जणांवरच असतो. पहिल्या मिनिटात बाद होऊन पुढचा अर्धा तास कठड्यावर. धागाकर्ते म्हणतात मुली कठड्यावर बसतात. आम्ही बसत नव्हतो, आम्हाला बसवलं जायचं.

आणि धागाकर्ते दादा, चेंडू बदलून निम्मंच काम होईल. उरलेलं निम्मं असं:

शिबिराच्या सूचनापत्रात ट्रॅक पँट आणि बूट लिहा, मुलींसाठी वेगळी ओळ नको, सगळ्यांसाठी एकच. मिस्सेला घातलेल्या कपड्यांत कोणी धावू शकत नाही. खेळताना मोबाइल एका पेटीत, कोणी व्हिडिओ काढणार नाही. पडलेल्या मुलीचा व्हिडिओ रात्री ग्रुपवर फिरला की दुसऱ्या दिवशी चार जणी पोट दुखतंय म्हणून आत बसतात. हॉलचं बाथरूम उघडं ठेवा आणि त्याची किल्ली कोणा ताईकडे द्या, दादाकडे नको. संघ पाडताना दोन कॅप्टननी एकेकाला निवडायचं ही पद्धत बंद करा. शेवटी उरणाऱ्याला काय वाटतं ते निवडणाऱ्याला कधी कळत नाही. जन्ममहिन्यावरून पाडा.

वसईचा वारा
ताई, हे छापून घेतोय. पेटीचं सिस्टरना सांगतो, त्यांचं कोणी टाळत नाही.

सुसाट
ताई, तुमचा मुद्दा मान्य. पण सगळेच खेळ गोडगोड केले तर कॉलेजच्या पोरांना कंटाळा येईल आणि ती मागच्या गेटने सटकतील. त्यांनाही दमवायला हवं ना?

तिसऱ्या बाकावरची
दमवा की. दमायला कोणाला तरी बाद करावं लागतं असं थोडंच आहे? बाद झालेल्याने समोरच्या संघात जायचं. खेळ सुरूच राहतो, शेवटी सगळे एकाच बाजूला.

न्यूजर्सीचा पाव्हणा
आमच्याकडच्या चर्चांच्या युवा गटांत सध्या 'नाइन स्क्वेअर' जोरात आहे. डोक्यावर साधारण सात फुटांवर पाइपांची नऊ चौकोनांची चौकट उभी करायची, प्रत्येक चौकोनाखाली एक जण. बॉल वर टोलवून चौकटीतून दुसऱ्याच्या घरात टाकायचा. ज्याच्या घरात पडला तो बाहेर, रांगेतला पुढचा आत, बाकीचे एकेक घर पुढे सरकतात. मधल्या घरात राजा. नळाचे पी.व्ही.सी. पाइप आणि कोपरे आणून प्लंबरकडून अर्ध्या दिवसात होतं.

पीटीचे मास्तर
चांगला खेळ आहे, पण नऊ आत आणि पंचेचाळीस रांगेत. धागाकर्त्याची अट मोडते. शिवाय पाय नीट न रोवलेली चौकट वाऱ्यात कोणाच्या तरी डोक्यावर येते.

न्यूजर्सीचा पाव्हणा
मान्य. मिस्सेनंतर, जेवणाआधी ज्यांना खेळायचं त्यांनी खेळावं, असा कडेचा खेळ म्हणून ठीक.

कोळीवाडा
चिंबोरी फुटबॉल, म्हणजे खेकडा फुटबॉल! कोणीच कसा सांगितला नाही? सगळ्यांनी जमिनीवर बसायचं, हात मागे टेकायचे, ढुंगण उचलायचं, पोट आभाळाकडे. असं चिंबोरीसारखं हातापायांवर चालत मोठा बॉल लाथेने गोलात घालायचा. वीस-वीस जण आरामात. उभं राहिलं तर पेनल्टी. जिममध्ये जाणारे सहा फुटी दोन मिनिटांत आडवे होतात आणि सातवी-आठवीची चिल्लीपिल्ली सुळसुळ पळतात. वाळूवर खेळा. फरशीवर किंवा तापलेल्या जमिनीवर नको, तळहात पोळतील.

नगरी बाभूळ
आणि सराट्यांवर तर मुळीच नको. कल्पना करूनच बसलो.

अवांतरवाला
मोठ्या चेंडूवरून आठवलं. १८९४ च्या सुमारास अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये 'पुशबॉल' निघाला होता, सहा फूट व्यासाचा, वीस-बावीस किलोचा चेंडू. दोन संघांनी ढकलायचा, बस्स.

पण खरी गोष्ट १९६६ची. व्हिएतनाम युद्धाच्या काळात सॅन फ्रान्सिस्कोच्या एका कॉलेजात युद्धविरोधी मंडळींच्या कार्यक्रमात स्ट्युअर्ट ब्रँड नावाच्या माणसाने असाच अवाढव्य चेंडू आणला आणि त्यावर समुद्र, खंड, ढग रंगवून पृथ्वी केली. सांगितलं की जगात दोनच तऱ्हेची माणसं असतात, पृथ्वी या टोकाला ढकलू पाहणारी आणि त्या टोकाला ढकलू पाहणारी. झाली झुंबड. पण चेंडू एका बाजूच्या गोलाजवळ पोचू लागला की जिंकत असलेल्या बाजूचे काही जण आपण होऊन पलीकडे जाऊन उलटं ढकलायला लागायचे. तासभर खेळले, गोल झालाच नाही. खेळ संपू नये असं सगळ्यांनाच वाटत होतं.

चिमणचारा
जिंकणाऱ्या बाजूकडून हरणाऱ्या बाजूकडे? महाराष्ट्रात असली उलटी पक्षांतरं कोणी पाहिली आहेत का?

सुसाट
हहपुवा. हसून हसून पुरेवाट.

पाळकबाई
मी एका खेड्यातल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाळक म्हणून सेवा करते. खेळ झाल्यावर पाच मिनिटं मुलांशी बोलावं असं मला वाटतं. बायबलमध्ये पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात शर्यतीचंच उदाहरण दिलंय, तेव्हा विषय तयारच आहे.

पीटीचे मास्तर
बाई, आदरपूर्वक सांगतो, पौल तिथे म्हणतो की धावतात सगळे पण बक्षीस एकालाच मिळतं. धागाकर्त्याला नेमकं उलटं हवंय.

पाळकबाई
मास्तर, तो तिथून पुढे नाशवंत मुकुटाबद्दल बोलतो. बक्षीस एकालाच, ही मैदानातली रीत झाली, आणि तो मुकुट सुकतो. पण तुमचा टोला आवडला. बरं, बोलणं राहू दे, लिंबू सरबत देऊ. त्याआधी लहानशी प्रार्थना चालेल ना?

तिसऱ्या बाकावरची
प्रार्थना चालेल, सरबत पळेल. फक्त प्रत्येक खेळातून बोध काढू नका हो. आम्हाला एकदा फुगा फुटला तर त्यातूनही आत्म्याबद्दल सांगितलं होतं.

पीटीचे मास्तर
आता हवेबद्दल थोडं, कारण गडबड तिथेच होते.

मोठे बॉल पूर्ण टणक फुगवू नका. अंगठ्याने दाबल्यावर बोटभर आत गेला पाहिजे. टणक बॉलवर कोणी धावत येऊन आदळलं की तो उलटा फेकतो आणि मनगटं मोडतात ती अशी. बीच व्हॉलीबॉलच्या चेंडूतही मुद्दाम कमी हवा ठेवतात: ०.१७५ ते ०.२२५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, नेहमीच्या व्हॉलीबॉलमध्ये ०.३० ते ०.३२५. सकाळच्या गारव्यात गच्च भरून दुपारी उन्हात ठेवलात तर आतली हवा तापून प्रसरण पावते आणि शिवण उसवते. सावलीत ठेवा. व्हॉलीबॉल-फुटबॉलमध्ये सुई घालताना ओली करून घाला, कोरडी घातली तर आतली रबरी झडप फाटते.

सायकलच्या पंपाने कमरेएवढा बॉल भरायला बसलात तर मिस्सा चुकेल. पंक्चरवाल्याकडे न्या, पण शेजारी उभे राहा. त्याला ट्रकचे टायर भरायची सवय असते.

मोठ्या बॉलवर उभं राहणं, पोटावर झोपून घसरणं, दोघांनी समोरासमोर धावत येऊन तो छातीने ढकलणं, तिन्ही बंद. आणि माणूस आत घालून गडगडवायचे जे पारदर्शक फुगे भाड्याने मिळतात, ते मे महिन्यात अजिबात नकोत. आत भट्टी होते.

कोळीवाडा
मास्तर वाऱ्याचं सांगायचं विसरले. वसईत दुपारनंतर समुद्रावरून असा वारा येतो की प्लास्टिकचा बॉल थेट रेल्वे लाइनकडे. नेट उत्तर-दक्षिण लावू नका, म्हणजे एक संघ वाऱ्यावर आणि दुसरा वाऱ्याविरुद्ध असं होणार नाही. बॉलमध्ये फुगवण्याआधी कपभर पाणी घातलं तर तो उडून जात नाही. वेडावाकडा वळतो मात्र, त्यात अजून हसायला येतं.

वसईचा वारा
बरं मंडळी, एवढं ठरलं. पहिल्या संध्याकाळी मास्तरांचा १८९५चा व्हॉलीबॉल, पाच हातांच्या नियमासकट, आणि चादरी. दुसऱ्या दिवशी वाळूवर चिंबोरी फुटबॉल. किन-बॉल शेवटच्या दिवशी, तोवर संघ एकमेकांत मिसळलेले असतील. नाइन स्क्वेअरचं प्लंबरला विचारतो. आबाधुबी नाही, सुसाटराव माफ करा. कॉलेजच्या पोरांना दमवायला चिंबोरी पुरेल असं वाटतं.

प्लास्टिकचे रंगीत बॉल घाऊक कुठे मिळतील?

न्यूजर्सीचा पाव्हणा
मुंबईत असताना आम्ही क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या घाऊक खेळण्यांच्या दुकानांतून आणायचो. डझनाने घ्या, एकदोन फुटणारच. शनिवारी संध्याकाळी जाऊ नका.

वसईचा वारा
शिबिर पार पडलं, कळवायचं राहिलं होतं.

चिंबोरी फुटबॉलने मैदान मारलं. आमचे दोन तालुका पातळीवरचे व्हॉलीबॉलपटू आठवीतल्या एका मुलीकडून गोल खाऊन बसले, शब्दशः बसले. १८९५चा व्हॉलीबॉल पहिली दहा मिनिटं कोणाला कळेना, पट्टीची पोरं तोंड पाडून उभी. मग पाच हात मोजायचं काम बघणाऱ्यांनी ओरडून सुरू केलं आणि रंग चढला. महिला मंडळाच्या दोन मावश्या सरबत घेऊन आल्या होत्या, त्या शेवटी खेळतच होत्या.

चादरींचा खेळ वाऱ्यात फसला. चादरच शिडासारखी फुगायची. हॉलमध्ये घ्यायला हवा. किन-बॉलला हिवाळी काकूंची भीती खरी ठरली, बोंबील व्हायला कोणी तयार नव्हतं. फादर स्वतः बोंबील झाले तेव्हा संघ भरला.

मोबाइलची पेटी चालली. ताई, सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला असं मुलींनी सिस्टरना सांगितलं. तरी चार-पाच जणी तिन्ही दिवस कठड्यावरच होत्या. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या आम्हाला गुण लिहायला आवडतं. लिहू दिले.

तिसऱ्या बाकावरची
उत्तम केलंत. सगळ्यांना धावायलाच आवडतं असं नाही.

पाळकबाई
अभिनंदन. आमच्याकडे ऑगस्टमध्ये तरुण संघाचा दिवस आहे, पण पावसामुळे मैदान नाही. छोटा हॉल, वर पंखे, भिंतीला फोटो. कोणता खेळ घेऊ?

नगरी बाभूळ
चादरी, बाई. वारा नाही म्हणजे निम्मी भीती गेली. पंखे बंद करा, फोटो उतरवून ठेवा आणि बॉल सगळ्यात हलका घ्या. ट्यूबलाइटखाली मात्र कोणाला उभं करू नका.